कॅनडातली शेती आणि शेतकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात कडधान्यांच्या खरेदीच्या कामात असल्यामुळे महाराष्ट्रातून मला सतत प्रश्न येतात. काही शेतकऱ्यांचे, काही इथे यायला निघालेल्या तरुणांचे, काही निव्वळ कुतूहलाचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. इथल्या शेतीची आपल्याकडे दोनच चित्रं फिरतात: मोबाइलवर दिसणारी अवाढव्य यंत्रं आणि ‘कॅनडात शेतमजूर पाहिजेत’ अशा जाहिराती. या दोन्हींत इथला शेतकरी कुठेच दिसत नाही. तो दिसावा एवढाच हेतू आहे.

कॅनडातला प्रत्येक शेतकरी हजारो एकरांचा मालक असतो का?

नाही. २०२१ च्या कृषी जनगणनेत देशभरात १,८९,८७४ शेतं नोंदली गेली आणि सरासरी शेत ८०९ एकरांचं निघालं. पण या सरासरीवरून फार काही कळत नाही. सस्कॅचवनच्या मैदानात धान्य पिकवणारं एक कुटुंब तीन-चार हजार एकर कसतं, आणि त्याच देशात ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीच्या खोऱ्यात वीस एकर ब्लूबेरीवर दुसऱ्या कुटुंबाचा संसार चालतो. क्विबेकमध्ये गोठा, ऑन्टारियोच्या दक्षिणेला काचघरं, प्रिन्स एडवर्ड बेटावर बटाटा, अल्बर्टात मांसासाठीची गुरं. या सगळ्यांना ‘कॅनडाची शेती’ म्हणून एकाच पोत्यात भरता येत नाही.

मैदानी प्रांतांतली (अल्बर्टा, सस्कॅचवन, मॅनिटोबा) मोठी शेतं आली कुठून, हेही सांगायला हवं. १८७२ च्या कायद्याने सरकारने वसाहतीला येणाऱ्या माणसाला १० डॉलर नोंदणी फी घेऊन १६० एकरांचा तुकडा द्यायला सुरुवात केली. अट एवढीच, की त्याने तिथे राहायचं आणि जमीन वहितीखाली आणायची. ही जमीन रिकामी नव्हती. क्री आणि इतर मूळ रहिवाशांशी करार करून, त्यांना छोट्या राखीव भागांत ढकलून ती मोकळी केली गेली. त्या करारांचे हिशेब आजही न्यायालयांत चालू आहेत. शेतकरी अजून त्या १६० एकरांना ‘क्वार्टर’ म्हणतो आणि जमिनीचा व्यवहार क्वार्टरमध्येच बोलतो.

१९४१ मध्ये देशात ७,३२,८३२ शेतं होती. म्हणजे आजच्या जवळपास चौपट. जमीन फारशी कमी झाली नाही, कसणारे गेले. आज जो चार हजार एकर करतो, तो बहुधा आजूबाजूच्या दहा-बारा उठून गेलेल्या कुटुंबांची जमीन करतो. त्यातली बरीचशी खंडाने घेतलेली असते आणि जी विकत घेतली तिच्यावर कर्ज असतं. फार्म क्रेडिट कॅनडा ही सरकारी कर्जसंस्था दरवर्षी शेतजमिनीच्या किमतीचा अहवाल देते. देशभरातली सरासरी वाढ २०२२ मध्ये १२.८ टक्के, २०२३ मध्ये ११.५ टक्के आणि २०२४ मध्ये ९.३ टक्के होती. नंतर धान्याचे भाव घसरले तरी जमीन चढत राहिली. बापाकडून जमीन आली नसेल, तर नव्याने शेतीत उतरणाऱ्याला ती विकत घेणं जवळपास अशक्य झालं आहे.

एकरी उत्पन्न आपल्यापेक्षा किती जास्त असतं?

बऱ्याचदा जास्त नसतंच, आणि हे ऐकून लोकांना नवल वाटतं. मैदानी भागात चांगल्या वर्षी गहू एकरी पन्नास बुशेलच्या आसपास उतरतो. गव्हाचा बुशेल म्हणजे २७.२ किलो, तेव्हा एकरी साडेतेरा क्विंटल. पंजाबातला बागायती गहू याहून जास्त देतो. इथली बहुतेक धान्यशेती जिरायती आहे. पाऊस कमी, हंगाम छोटा. एकरी कमी आणि एकर पुष्कळ, असं हे गणित आहे. भाव एका बुशेलमागे अर्ध्या डॉलरने पडला, तरी हजारो एकरांवर तो तोटा केवढा होतो ते तुम्हीच मांडून पाहा.

वर्षात एकच पीक? मग हिवाळ्यात शेतकरी काय करतो?

मैदानी भागात एकच. पारा शून्याखाली न जाणारे दिवस वर्षात जेमतेम शंभर ते सव्वाशे मिळतात. एप्रिलअखेर बर्फ वितळतं, जमीन वाफशावर यायला मे उजाडतो, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत सगळी पेरणी उरकावी लागते. पेरणी लांबली तर सप्टेंबरच्या पहिल्या कडाक्यात दाणा हिरवा असतानाच गोठतो. म्हणून मे महिन्यात इथे कुणी लग्न ठरवत नाही, कुणी शेतकऱ्याला उगाच फोन करत नाही. आपल्याकडे मृग बरसल्यावर जी लगबग असते तीच ही, फक्त जूनच्या आसपास दिवस सोळा तासांहून मोठा आणि घरात माणसं दोन.

जून-जुलै फवारणीचा आणि आभाळाकडे बघण्याचा. गारपीट इथेही होते आणि दहा मिनिटांत उभं पीक झोपवते. ऑगस्टच्या मध्यावर मसूर आणि वाटाणा काढणीला येतो, मागोमाग गहू, मग कनोला हे तेलबियांचं पीक. मळणीयंत्र रात्री एक-दोनपर्यंत चालतं. दव पडून काड लिबलिबीत झालं, की थांबायचं आणि सकाळी ऊन तापलं की पुन्हा सुरू. घरातली आजी किंवा सून जेवणाचे डबे घेऊन शेतात जाते, गाडीच्या मागच्या फळीवर ताटं मांडली जातात, पाच-दहा मिनिटांत जेवून माणसं पुन्हा यंत्रावर. शाळेतून आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं ट्रॅक्टरने धान्याची गाडी ओढतात.

हिवाळा म्हणजे सुट्टी, असा समज आहे. गुरं असतील तर जानेवारी ते एप्रिल हा वासरं जन्मण्याचा काळ. उणे तीस अंशांत रात्री दर दोन-तीन तासांनी गोठ्यात चक्कर मारावी लागते, कारण ओलं वासरू तासाभरात गोठून मरू शकतं. फक्त धान्य असेल तर पोलादी कणग्यांतलं धान्य तापत नाही ना हे पाहणं, करार झालेला माल एलिव्हेटरवर म्हणजे खरेदी केंद्रावर पोहोचवणं, यंत्रांची खोलाई-दुरुस्ती, बँकेत पुढच्या हंगामाचा हिशेब. आणि नोकरी. जनगणनेत जवळजवळ निम्म्या शेतकऱ्यांनी शेताबाहेर काम करत असल्याचं सांगितलं. कुणी शाळेची बस चालवतो, कुणी तेलविहिरीवर जातो. नवरा-बायकोपैकी एकाची शिक्षिकेची किंवा नर्सची नोकरी असणं हा इथल्या कित्येक शेतांचा खरा विमा आहे.

एवढी जमीन दोन-तीन माणसं कशी करतात?

यंत्रं आणि विनानांगरणी शेती. पूर्वी ओल साठवायला एक वर्ष जमीन पडीक ठेवत. आता मागच्या पिकाची काडं उभी ठेवून त्यांच्यामधूनच बी आणि खत एकदम पेरतात. ओल टिकते, माती उडत नाही. १९३० च्या दशकात याच मैदानांची माती वाऱ्याने उडून गेली होती, तेव्हा हा बदल छोटा नाही.

पण नवं मोठं मळणीयंत्र पीक कापणाऱ्या पुढच्या जोडणीसकट दहा लाख डॉलरच्या घरात जातं, म्हणजे सहा कोटी रुपयांहून जास्त. त्यात संगणक असतो आणि तो बिघडला की कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक उभं. स्वतःचं यंत्र स्वतः दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी शेतकरी बरीच वर्षं भांडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल होऊन दुरुस्तीसाठी डिजिटल कुलूप उघडायला परवानगी मिळाली. कायदा झाला, तरी दुरुस्तीची साधनं आणि माहिती उत्पादकाने द्यावीच अशी सक्ती त्यात नाही. त्यामुळे भांडण संपलेलं नाही.

आपल्याकडच्या दुकानात मिळणारा मसूर आणि वाटाणा कॅनडाचा असतो का?

बराचसा असतो. आयात मसुरात कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे दोन मोठे देश. पिवळ्या वाटाण्यात कॅनडा आणि आता रशिया. मुंबई-पुण्यात रगड्यासाठी जो पांढरा-पिवळसर वाटाणा भिजत घालतात, तो अनेकदा इथून आलेला असतो.

पन्नास वर्षांपूर्वी इथे मसूर जवळजवळ नव्हताच. सस्कॅचवनमधल्या सॅस्काटून शहरातल्या विद्यापीठात १९७१ मध्ये पीक विकास केंद्र निघालं, आल स्लिंकार्ड या पैदासकाराने इथल्या हवेला मानवेल असा ‘लेअर्ड’ हा वाण १९७८ मध्ये दिला, आणि शेतकऱ्यांनी गव्हाच्या फेरपालटीत कडधान्य आणलं. जमिनीला नत्र मिळालं, शेतकऱ्याला नवी बाजारपेठ. ही बाजारपेठ म्हणजे मुख्यतः आपण. इथला शेतकरी स्वतः मसूर फारसा खात नाही. पण दिल्लीत आयातशुल्क बदललं की त्याच रात्री त्याला कळतं.

ते बदलतं कसं ते पाहा. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर अचानक ५० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये मसूर आणि हरभऱ्यावर ३० टक्के. काही माल तेव्हा समुद्रात होता. सहा वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, डाळी महागल्या म्हणून पिवळा वाटाणा पूर्ण शुल्कमुक्त केला आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. मग १ नोव्हेंबर २०२५ पासून परत ३० टक्के. मसुरावर मार्च २०२५ मध्ये १० टक्के लावलं.

लातूरच्या बाजूने हेच चित्र उलटं दिसतं. शुल्कमुक्त वाटाणा वर्षाला वीस लाख टनांहून जास्त आला. त्याचं पीठ हरभऱ्याच्या बेसनाला स्वस्त पर्याय म्हणून वापरलं गेलं, डाळींचे भाव दबले आणि तूर हमीभावाच्या खाली गेली. मला मराठवाड्यातून रागाचे निरोप येतात आणि तो राग रास्त आहे. तूर बाजारात यायच्या तोंडावर दारं सताड उघडी ठेवणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, असं माझंही ठाम मत आहे. फक्त तो राग सस्कॅचवनच्या शेतकऱ्यावर काढू नका. त्याने मेमध्ये पेरलं तेव्हा शुल्क शून्य होतं, आणि त्याचा माल गाडीत भरला जात होता तेव्हा तीस टक्के. रातोरात निघणाऱ्या अधिसूचनांनी दोन्हीकडचा शेतकरी पोळतो. आयातशुल्क पेरणीपूर्वी जाहीर व्हावं आणि हंगामभर बदलू नये, ही मागणी लातूर आणि सॅस्काटून एकत्र करू शकतात.

त्या मसुरावर काढणीआधी तणनाशक मारतात हे खरं का?

खरं आहे. पीक पक्व झाल्यावर तण मारायला ग्लायफोसेट, आणि झाडं एकसारखी वाळावीत म्हणून डायक्वाटसारखं औषध फवारतात. हंगाम छोटा असल्याने शेत एकदम वाळणं गरजेचं असतं. दाण्यात किती अंश राहू द्यायचा याची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे, आणि अंश वाढू नये म्हणून दाण्यातली ओल ठरावीक पातळीखाली आल्यावरच फवारायचं असतं. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१७ मध्ये ग्लायफोसेटला पुढची पंधरा वर्षं परवानगी दिली. त्यावर इथेही वाद आहे. माझं म्हणणं एवढंच, की भारतात उतरणाऱ्या प्रत्येक मालाची तपासणी काटेकोर व्हावी आणि तिचे निकाल लोकांसमोर यावेत. व्हॉट्सअॅपवरच्या भीतीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

चीनने कनोलावर कर लावला, ते प्रकरण नेमकं काय?

कनोला हे इथलं पिवळ्या फुलांचं तेलबियांचं पीक. मोहरीच्या कुळातलं, १९७० च्या दशकात मॅनिटोबा आणि सॅस्काटूनच्या शास्त्रज्ञांनी खाण्यायोग्य केलेलं. जुलैत मैलोन्मैल पिवळं दिसतं ते हेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाने चिनी विजेच्या मोटारींवर १०० टक्के कर लावला. ऑन्टारियोतले मोटार कारखाने वाचवायला. चीनने उत्तर दिलं ते शेतीवर. मार्च २०२५ मध्ये कनोला तेल, पेंड आणि वाटाण्यावर १०० टक्के, डुकराच्या मांसावर २५ टक्के, आणि ऑगस्टमध्ये, ऐन काढणीच्या तोंडावर, कनोला बियांवर ७५.८ टक्के अनामत, म्हणजे तात्पुरता कर. त्या वर्षी पीक विक्रमी आलं: गहू चार कोटी टनांच्या आसपास, कनोला सुमारे २ कोटी १८ लाख टन. कणग्या भरल्या आणि मोठा गिऱ्हाईक दार लावून बसला. जानेवारी २०२६ मध्ये पंतप्रधान मार्क कार्नी बीजिंगला गेले आणि तडजोड जाहीर झाली. ४९ हजारांपर्यंत चिनी विजेच्या मोटारींना कमी करात प्रवेश, बदल्यात कनोला बियांवरचा एकूण कर १५ टक्क्यांच्या आसपास.

मैदानातल्या लोकांच्या मनात यातून एक सल राहिला आहे: वाचवायचा होता एका प्रांतातला कारखाना, किंमत मोजली दुसऱ्या प्रांतातल्या शेताने. मला तो सल बरोबर वाटतो.

माल बंदरापर्यंत कसा जातो?

रेल्वेने. सॅस्काटून ते व्हँकुव्हर दीड हजार किलोमीटरहून जास्त आहे आणि मध्ये रॉकी पर्वत. धान्य नेणाऱ्या मोठ्या रेल्वे कंपन्या दोनच. ऑगस्ट २०२४ मध्ये कामगार वाटाघाटी फिसकटून दोन्ही एकाच दिवशी बंद पडल्या, काढणी सुरू असताना. सरकारने लवादाचा आदेश देऊन त्या पुन्हा सुरू केल्या.

दुधाचा कोटा म्हणजे काय? तिथे दुधाला खरंच हमखास भाव मिळतो का?

मिळतो, आणि महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांनी हे जरूर समजून घ्यावं. दूध, कोंबडी, टर्की आणि अंडी यांच्यासाठी इथे पुरवठा नियंत्रणाची पद्धत आहे. देशाला किती दूध लागेल याचा अंदाज बांधून तेवढाच कोटा शेतकऱ्यांत वाटलेला असतो. भाव उत्पादनखर्च धरून ठरतो. बाहेरून स्वस्त माल येऊ नये म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडच्या आयातीवर जबरदस्त कर आहे. लोण्यावर तो २९८.५ टक्के आहे. सरकार तिजोरीतून रोजचं अनुदान देत नाही, ग्राहक थोडा जास्त भाव देतो.

याचा परिणाम असा, की शंभरेक गायींच्या गोठ्यावर एक कुटुंब मानाने जगतं आणि त्याला पुढच्या महिन्याचं बिल आज माहीत असतं. आपल्याकडे भाव पडला की रस्त्यावर दूध ओतून लक्ष वेधावं लागतं; इथे त्यासाठी आंदोलन करावं लागत नाही.

पण दुसरी बाजूही मोठी आहे. कोटा विकत घ्यावा लागतो. तो दिवसाला एक किलो लोणी-स्निग्धांश या मापात मोजतात, म्हणजे साधारण एका गाईचं दूध. ऑन्टारियोत त्याची कमाल किंमत किलोला २४,००० डॉलर ठरवलेली आहे. पन्नास गायी करायच्या तर गायी, गोठा, जमीन बाजूलाच, नुसत्या परवानगीचे बारा लाख डॉलर. त्यामुळे देशात दुधाची शेतं दहा हजारांहूनही कमी उरली आहेत आणि बाहेरच्या तरुणाला आत शिरणं कठीण. कोट्यापेक्षा जास्त झालेलं दूध इथेही ओतून द्यावं लागतं, ते मात्र कॅमेऱ्यासमोर होत नाही.

अमेरिकेला ही पद्धत खुपते. कॅनडाने आधीच्या व्यापार करारांत थोडी थोडी दारं उघडली आणि शेतकऱ्यांना नुकसानभरपाई दिली. जून २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, की पुढच्या वाटाघाटींत यात आणखी सवलत देता येणार नाही. गहू-कनोलावाल्यांना हे डाचतं, कारण त्यांना निर्यातीसाठी दारं उघडी हवी असतात. एकाच देशातले शेतकरी या मुद्द्यावर समोरासमोर उभे आहेत.

हमीभाव, कर्जमाफी, पीकविमा यांपैकी तिथे काय आहे?

धान्याला हमीभाव नाही. पूर्वी कॅनेडियन व्हीट बोर्ड मैदानातल्या सगळ्या शेतकऱ्यांचा गहू एकत्र विकायचं. ती मक्तेदारी १ ऑगस्ट २०१२ ला संपली. काहींना मोकळं वाटलं, काहींना अजून चुकल्यासारखं वाटतं. आता प्रत्येक जण मोबाइलवर शिकागो-विनिपेगच्या धान्यबाजारांचे भाव पाहत स्वतः विकतो.

सरसकट कर्जमाफीची प्रथा नाही. पीकविमा चांगला आहे. हप्त्यातला ४० टक्के वाटा शेतकऱ्याचा, ३६ केंद्राचा, २४ प्रांताचा, आणि भरपाई शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताच्या मागच्या उत्पन्नावर ठरते. आपल्याकडे मंडळावर ठरते आणि शेजारच्या गावात पाऊस पडला म्हणून आपला दावा बुडतो, तसं इथे होत नाही. याशिवाय उत्पन्न फार घसरलं तर काही भरपाई देणारी एक योजना आहे, पण तिचे कागद इतके किचकट की अनेक जण नावच घेत नाहीत. साठवलेल्या मालावर आगाऊ रक्कमही मिळते, तिच्या पहिल्या हिश्श्याला व्याज नाही.

हवामान बदलाचा फटका दिसतो का?

जून २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावी ४९.६ अंश नोंदले गेले. त्याच उन्हाळ्यात मैदानात दुष्काळ पडला. देशाचा गहू आदल्या वर्षापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घटला, चारा संपला आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले कळप विकले. मांसासाठीच्या गुरांची संख्या १९८० च्या दशकानंतरच्या नीचांकावर आली, त्यात अशा दुष्काळांचा मोठा वाटा आहे. आज गुरांना विक्रमी भाव आहे, पण विकायला गुरंच नाहीत.

तोच लिटनचा प्रांत नोव्हेंबर २०२१ मध्ये पाण्याखाली गेला. अॅबट्सफर्डजवळचं सुमास मैदान हे मुळात उपसून कोरडं केलेलं तळं. पुरात तिथे आणि आसपास सहा लाखांहून जास्त कोंबड्या, सुमारे १२,००० डुकरं आणि चारशेहून जास्त दुभत्या गायी दगावल्या. शेजाऱ्यांनी जलक्रीडेच्या होड्यांनी गायींना दोर लावून ओढत कोरड्यावर आणलं. जानेवारी २०२४ मध्ये याच प्रांतातल्या ओकानागन खोऱ्यात एका थंडीच्या लाटेने पीच आणि द्राक्षांच्या कळ्या गोठल्या. त्याच जुलैत फळबागायतदारांची १९३६ पासूनची सहकारी संस्था बंद झाली. सांगली-नाशिकच्या बागायतदाराला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

शेतीवरचा कार्बन कर अजून आहे का?

इंधनावरचा ग्राहक कर १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. ट्रॅक्टरच्या डिझेलला आधीपासून सूट होती. तक्रार होती ती धान्य वाळवायच्या आणि गोठे-खुराडी उबदार ठेवायच्या गॅसवरची.

महाराष्ट्रातून शेतमजूर म्हणून जाता येतं का?

नीट वाचा, कारण यात लोकांची जमीन गहाण पडली आहे.

इथे १९६६ पासून हंगामी शेतमजुरांची योजना आहे. जमैकापासून सुरू झालेली, नंतर मेक्सिको आणि इतर कॅरिबियन देश आले. जास्तीत जास्त आठ महिने काम आणि मग परत. या योजनेत भारत नाही. दुसऱ्या, खुल्या कृषी मार्गाने भारतीय येऊ शकतो. पण त्यासाठी इथल्या मालकाने आधी सरकारकडून स्थानिक माणूस मिळत नसल्याची मान्यता घ्यावी लागते. कायद्याने मजुराकडून भरतीची फी घेता येत नाही. तेव्हा ‘कॅनडात शेतीकाम, अमुक लाख भरा’ असं कुणी म्हणाला, तर तो एक तर फसवतोय किंवा कायदा मोडतोय. कृषी-अन्न क्षेत्रातल्या कामगारांना कायम वास्तव्य देणारी प्रायोगिक योजना २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या नावाने अजून पैसे गोळा करणारे आहेत.

काम मिळालं तरी परवाना बहुधा एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालक वाईट निघाला तरी नोकरी सोडणं अवघड, कारण नवा मालक आणि नवा परवाना मिळवणं कठीण असतं. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने २०२३ मध्ये इथे येऊन या व्यवस्थेला आधुनिक गुलामगिरीची पैदास होणारी जागा म्हटलं. ऑन्टारियोतल्या लीमिंग्टनच्या काचघरांतले टोमॅटो आणि काकड्या याच हातांनी तोडल्या जातात. चांगले मालक पुष्कळ आहेत, वर्षानुवर्षं तीच माणसं त्यांच्याकडे परत येतात. पण व्यवस्था मालकाच्या चांगुलपणावर सोडणं मला मान्य नाही.

भारतात राहून तिथे शेतजमीन घेता येईल का?

प्रांतावर अवलंबून. सस्कॅचवनमध्ये नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्याला दहा एकरांपलीकडे घेता येत नाही. अल्बर्टात वीस, मॅनिटोबात चाळीस एकर. प्रिन्स एडवर्ड बेटावर तर स्थानिक माणसालाही हजार एकरांची कमाल मर्यादा आहे. ऑन्टारियोत अशी बंदी नाही, पण तिथली जमीन शहरं गिळत आहेत. तिथल्या शेतकरी महासंघाच्या हिशेबाने रोज ३१९ एकर शेतजमीन हातची जाते.

तिथे भारतीय वंशाचे शेतकरी आहेत का?

आहेत, बहुतांश पंजाबी. फ्रेझर खोऱ्यातली ब्लूबेरी आणि ओकानागनमधल्या कित्येक फळबागा त्यांच्या हातात आहेत. त्यांचे आई-वडील याच बागांत मजूर होते. तेव्हा मजुरांना धड पाणी-निवारा नव्हता, आणि त्यासाठी १९८० मध्ये शेतमजुरांची संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष राज चौहान पुढे प्रांताच्या विधानसभेचे सभापती झाले. मराठी माणसं कृषी संशोधन, बियाणं आणि धान्य व्यापारात भेटतात. स्वतः शेत करणारे क्वचित.

तरुण पिढी शेतीत राहते का?

शेतकऱ्याचं सरासरी वय ५६ आहे. वारसाची लेखी योजना असलेली शेतं शंभरात बाराच. अडचण भावंडांच्या वाटणीची आहे. चार हजार एकरांची किंमत कागदावर कोट्यवधी डॉलर. एक मुलगा किंवा मुलगी शेतात राबते, दोघं शहरात असतात. समान वाटणी केली तर शेत मोडतं, नाही केली तर घर. आपल्याकडे तुकडे पडतात, इथे राहणारा भावंडांचे हिस्से फेडण्यासाठी आयुष्यभर कर्जात जातो. मुली मात्र पूर्वीपेक्षा जास्त पुढे येत आहेत. शेत चालवणाऱ्यांत स्त्रिया ३० टक्क्यांच्या वर गेल्या आहेत.

खेड्यातलं रोजचं जगणं कसं असतं?

शेजारी दोन-तीन किलोमीटरवर. मुलं शाळेच्या बसमध्ये रोज तास-दीड तास घालवतात. गावातला एलिव्हेटर, मग शाळा, मग दवाखान्याचा रात्रीचा विभाग, अशा क्रमाने एकेक गोष्ट बंद पडत जाते. टिकून असते ती बर्फावरच्या हॉकीची आणि कर्लिंगची (बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाची) जागा, गावकरी वर्गणी आणि श्रमदानावर चालवतात ती. शरद ऋतूत काढणी संपली की सभागृहात गावजेवण होतं, कोंबडी किंवा टर्की, बटाटे आणि घराघरांतून भाजून आणलेले ‘पाय’ (pie) नावाचे गोड पदार्थ. कुणी शेतकरी आजारी पडला किंवा गेला, तर एखाद्या सकाळी आसपासची आठ-दहा मळणीयंत्रं न बोलावता त्याच्या शेतात उतरतात आणि संध्याकाळपर्यंत पीक कणगीत असतं. हे मी पाहिलं आहे.

तिथल्या शेतकऱ्यांवर मानसिक ताण असतो का?

खूप. ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधनात शेतकऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार सर्वसाधारण लोकांच्या साधारण दुप्पट आढळले. कारणं ओळखीची आहेत: कर्ज, हवामान, भाव, आणि आजोबांनी उभं केलेलं आपल्या हातून जाईल ही भीती. त्यात एकटेपणा. हिवाळ्यात आठवडाभर घराबाहेरचं माणूस दिसत नाही. २०१८ मध्ये सस्कॅचवनच्या शेतकऱ्यांनीच ‘डू मोर अॅग’ ही संस्था काढली, आणि त्यानंतर या विषयावर गावातल्या सभागृहात उघड बोलणं सुरू झालं. शेतकऱ्याशी बोलणारा समुपदेशक शेती जाणणारा हवा, हा त्यांचा आग्रह आहे. ‘थोडी रजा घ्या’ असा सल्ला गायी दोहणाऱ्याला देऊन उपयोग नसतो. तुमच्या घरात, गावात कुणी असं मिटत चाललं असेल तर थेट विचारा, सोबत बसा, दवाखान्यात न्या. विचारल्याने धोका वाढत नाही.

शेतं बघायला यायचं तर कधी यावं?

पिवळा कनोला पाहायचा तर जुलैचे पहिले तीन आठवडे, काढणी पाहायची तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. गुरांचं मोठं प्रदर्शन रेजायनाला नोव्हेंबरच्या शेवटी भरतं. गरम कपडे आणा. कुणाच्याही शेतात फोटोसाठी शिरू नका. सस्कॅचवनमध्ये परवानगीशिवाय जाणं गुन्हा आहे, आणि बुटाच्या मातीतून कनोलाच्या मुळांना गाठी आणणारा रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो. कोंबड्यांच्या शेडमध्ये तर बर्ड फ्लूमुळे कुणालाच घेत नाहीत. आधी फोन करा. पेरणी आणि काढणी सोडून कधीही केलात, तर शेतकरी बहुधा स्वतः गाडी काढून तुम्हाला सगळं शेत फिरवून दाखवेल, आणि तुमच्याकडे तुरीला काय भाव आहे ते विचारेल.